नव्या गुरुजींचं पहिलं वर्ष कागदांत कसं शोधायचं?

मागच्या लेखात आपण संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा ते पाहिलं. आज एकच प्रश्न घेऊन तो साधनांपर्यंत नेऊ. प्रश्न असा: गरीब घरांतल्या मुलांना शिकवायला आलेल्या नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष कसं गेलं, हे इतिहासात शोधता येतं का? जिल्हा घेऊ धाराशिव.

एका शिक्षकाबद्दल हे सोपं आहे. हिप्परगा हे गाव आज लोहारा तालुक्यात येतं. तिथे 1921 साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. राज्य निजामाचं, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, त्यामुळे खेड्यातल्या मराठी मुलाला आपल्या भाषेत पुढे शिकणं अवघड होतं. 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण या शाळेत आले आणि मुख्याध्यापक झाले. पुढच्या वर्षी त्यांनी संन्यास घेतला. हेच स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा हिप्परग्याचा काळ आपल्याला ठाऊक आहे, कारण पुढे ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले आणि त्यांनी आठवणी लिहिल्या. नेता मोठा झाला म्हणून त्याच्यातला शिक्षक नोंदीत राहिला.

बाकीच्यांचं काय? 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हापासून किती तरी नव्या गुरुजींनी आणि बाईंनी पहिलं वर्ष काढलं, पण आठवणी लिहिणारे विरळाच. त्यांच्या मागे राहतात हजेरीपट, जनरल रजिस्टर, शेरेबुक आणि सेवापुस्तक. आपला इतिहास इथेच आहे, फक्त तो वाचायला शिकावं लागतं.

आधी हजेरीपट घ्या. जूनमध्ये वर्ग भरलेला दिसतो. दसरा-दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग गैरहजेरी लागते, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. विज्ञानातून आलेला विद्यार्थी लगेच आलेख काढेल: नवीन शिक्षक आला, हजेरी घसरली. थांबा! कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातून अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी सोबत जाते. म्हणजे तो गैरहजेरीचा शेरा शिक्षकाबद्दल फारसं सांगत नाही. तो घरावरच्या कर्जाबद्दल सांगतो.

हे सिद्ध कसं करायचं? दोन तुलना करा. एक, त्याच शाळेतल्या जुन्या शिक्षकाच्या वर्गाची त्याच महिन्यांतली हजेरी. दोन, गाळप हंगामाची तारीख. हंगाम दर वर्षी एकाच दिवशी सुरू होत नाही. हंगाम पुढे गेला की हजेरीची घसरणही पुढे सरकते का, ते बघा. सरकत असेल, तर कारण फडात आहे, वर्गात नाही. आम्ही प्रयोगशाळेत ज्याला कंट्रोल म्हणायचो, तो इथे असा मिळतो.

आता सेवापुस्तक. 2000 सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी 'शिक्षण सेवक' असतो. तीन वर्षं ठरावीक मानधन, काम समाधानकारक असेल तर त्यानंतर वेतनश्रेणी. प्राथमिकसाठी हे मानधन 2022 च्या अखेरपर्यंत महिना 6,000 रुपये होतं; जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं. म्हणजे ज्या वर्गातली मुलं हंगामापुरती घर सोडतात, त्याच वर्गात उभा असलेला माणूसही अजून कायम झालेला नाही. तो मुलांच्या मागे तळावर जाईल, हंगामी वसतिगृहासाठी पालकांना समजावेल; पण यातलं किती शेरेबुकात उतरतं? म्हणून त्या शिक्षकांच्या आणि तेव्हाच्या मुलांच्या मुलाखती घ्याव्याच लागतात. नुसत्या कागदावर भागत नाही.

आकडे जुळवताना तीन खड्डे लक्षात ठेवा.

पहिला, 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचा 'उस्मानाबाद' आणि आजचा धाराशिव एकच धरलात, तर पटसंख्या एकदम कोसळल्यासारखी दिसेल.

दुसरा, निजामकाळच्या कागदांवर फसली सन असतं. त्यात साधारण 590 मिळवा. फसली 1339 म्हणजे 1929-30. आणि थोडंफार उर्दू वाचता आलं पाहिजे.

तिसरा, शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायला त्याने मनाई केली. त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा पट एकाच अर्थाने वाचू नका.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. पण आपल्या प्रबंधातलं एक वाक्य पुढे अहवालात जातं. 'मुलं अनियमित, शिक्षक अननुभवी' असं लिहिलं की दोष त्या दोघांच्या माथी बसतो, आणि उचल देणारी व्यवस्था कागदाबाहेरच राहते.

तुमच्या आराखड्यासाठी एक काम: एक शाळा, एक वर्ग, सलग पाच वर्षांचे हजेरीपट. रीतसर परवानगी घ्या, मुलांची नावं झाका, महिनावार तक्ता करा. निष्कर्ष नंतर. आधी फक्त कोणता महिना कुठे रिकामा होतो, तेवढं बघा.