सीएनजी ट्रकचा स्पार्क प्लग बदलताय? डबीवरचा नंबर आधी समजून घ्या

ट्रकला स्पार्क प्लग असतो का? डिझेलच्या ट्रकला नसतो. डिझेल इंजिनमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. काही डिझेल गाड्यांमध्ये ग्लो प्लग असतो, पण त्याचं काम थंड इंजिन सुरू होताना उष्णता देण्याचं. तो ठिणगी पाडत नाही.

सीएनजीचं गणित वेगळं आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो आपोआप पेटायला साधारण ५४० अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणजे डिझेलच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे छोटा हत्तीसारखा सीएनजी टेम्पो असो की मोठा सीएनजी ट्रक, इंजिनात ठिणगी पाडावीच लागते. ते काम स्पार्क प्लगचं. काहीशे रुपयांची ही वस्तू चुकीची बसली, तर हजारो रुपयांचं काम निघू शकतं.

प्लग बदलायची वेळ कशी ओळखायची?

गाडी मिसिंग मारते, सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, चढावर पिकअप मिळत नाही, एव्हरेज घसरतं. ही नेहमीची लक्षणं. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लगची टोकं लवकर झिजतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. अंतर वाढलं की आणखी व्होल्टेज लागतं आणि सगळा ताण इग्निशन कॉइलवर येतो.

अशा वेळी ‘चालतंय तोवर चालवू’ हे महागात पडतं. न जळलेला गॅस सायलेन्सरकडे जातो आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतो. तो जास्त तापला की निकामी होतो. त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी सेट येतात.

नवीन प्लग घेताना काय जुळायला हवं?

१. आट्यांचा व्यास आणि लांबी : १४ मिलिमीटर व्यास खूप गाड्यांमध्ये दिसतो, पण सगळ्यांत नाही. लांबी जास्त झाली तर प्लगचं टोक पिस्टनवर आदळू शकतं. कमी झाली तर ठिणगी आत दबून पडते आणि हेडच्या उघड्या आट्यांवर कार्बन साचतो.

२. हीट रेंज : प्लग आपली उष्णता किती वेगाने इंजिनच्या हेडकडे सोडतो, ते यावरून कळतं. प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली गेलं तर काजळी जळून जात नाही. वर गेलं तर ठिणगीआधीच गॅस पेटू शकतो आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. उष्णता पटकन सोडणारा तो ‘कोल्ड’ प्लग, हळू सोडणारा तो ‘हॉट’ प्लग.

३. गॅप : पेट्रोलच्या अनेक गाड्यांमध्ये तो ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो. सीएनजीसाठी बहुतेकदा त्याहून कमी ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो.

४. रेझिस्टर : आजच्या गाड्यांत ईसीयू असतो. रेझिस्टर नसलेल्या प्लगमुळे त्याच्या सिग्नलमध्ये अडथळा येऊ शकतो.

नंबरचा घोळ नेमका काय?

एनजीकेचा ‘बीपीआर६ईएस’ हा प्लग घ्या. यात ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर आटे, ‘आर’ म्हणजे रेझिस्टर, ‘६’ म्हणजे हीट रेंज आणि ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबी.

एनजीके आणि डेन्सोमध्ये हीट रेंजचा आकडा जितका मोठा, तितका प्लग कोल्ड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तितका प्लग हॉट. म्हणजे एका ब्रँडचा ‘७’ हा दुसऱ्या ब्रँडचा ‘७’ नव्हे. दुकानदाराने ‘सेम नंबर आहे’ म्हणून दुसऱ्या ब्रँडचा प्लग पुढे केला, तर त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन तपासूनच घ्यावा.

निकेल, प्लॅटिनम की इरिडियम?

साधा निकेलचा प्लग स्वस्त, पण लवकर झिजतो. प्लॅटिनम आणि इरिडियमचे प्लग महाग, पण कितीतरी जास्त टिकतात. रोज धावणाऱ्या गाडीत प्लगच्या किमतीसोबत गाडी उभी राहिल्याने बुडणारं भाडंही मोजावं लागतं. मात्र हीट रेंज चुकीची असेल, तर इरिडियमही उपयोगाचा नाही.

बसवताना या चुका टाळा

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. नवीन प्लग आधी हाताने फिरवून बसवा, म्हणजे आटे वाकडे जात नाहीत. मग मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्ह्याने आवळा. गॅप फिलर गेजने मोजा, पण इरिडियमचं बारीक टोक ठोकू किंवा वाकवू नका. प्लग खाली पडला असेल तर तो वापरू नका. आतल्या चिनीमातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. आणि चारपैकी एकच प्लग बदलण्याऐवजी पूर्ण सेट बदला.

जुने प्लग फेकण्याआधी एकदा बघा. फिकट तपकिरी किंवा करडा रंग म्हणजे सगळं ठीक. सीएनजीवर प्लग पेट्रोलपेक्षा स्वच्छ दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओलसर तेल दिसलं तर इंजिन ऑइल आत येतंय. पांढरं पडून फोड आलेलं टोक म्हणजे प्लग जास्त तापतोय. या दोन्ही वेळी नवीन प्लगने दुखणं थांबणार नाही, मूळ बिघाड आधी शोधावा लागेल.