दुभंगलेल्या आसाची कहाणी

आमच्या गावच्या डॉक्टरांकडे एक जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार होती. मी तेव्हा मराठी शाळेत शिकत होतो. एके दिवशी मिस्त्रीने डॉक्टरांच्या अंगणात जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली आणि मी दप्तर खांद्यावर तसेच ठेवून पाहत राहिलो. मागची दोन्ही चाके सरळ लोंबण्याऐवजी गाडीच्या पोटाखाली वळली होती. वरून फाकलेली आणि खालून एकमेकांच्या जवळ आलेली!

“मिस्त्रीकाका, चाकं मोडली का हो?” मी भीतभीत विचारले.

“मोडतील कशाला? हिचा आस एकसंध नाही, बाळ. मध्येच तोडून सांधलाय. आता खाली उतरवून दोन हात पुढे ढकलतो, मग बघ कशी शहाण्यासारखी उभी राहते.”

आणि खरोखरच ती तशी उभी राहिली. पुढे मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. पण त्या पोटाखाली वळलेल्या चाकांनी मनातले घर सोडले नाही. मिळेल ते वाचता वाचता ध्यानात आले की, डॉक्टरांच्या अंगणात मी जे पाहिले, त्यापायी मोठमोठ्या इंजिनियरांच्या झोपा उडाल्या होत्या, एका बलाढ्य कारखान्याच्या अध्यक्षाला चारचौघांत माफी मागावी लागली होती, आणि वेगवान गाड्यांच्या हौशी मालकांनी सुट्टीचे कित्येक दिवस गाडीखाली पाठीवर पडून काढले होते. तीच कहाणी वाचकांना सांगावयाची आहे.

बैलगाडी सर्वांनी पाहिलेली आहे. तिचा आस एक आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाके. एक चाक धोंड्यावर चढले की आस तिरपा होतो आणि आसाबरोबर गाडीही तिरपी होते. आपल्या परिचयाच्या अँबॅसडर आणि फियाट या गाड्यांचा मागचा आस दिसावयास निराळा, तरी जातीने हाच. एका चाकाचे दुःख दुसऱ्या चाकाला भोगावे लागते, ही या जातीची खोड.

ही खोड मोडण्यासाठी एडमुंड रुम्पलर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनियराने १९०३ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. त्याने आस मध्येच दुभंगला. इंजिनाची शक्ती चाकांना वाटून देणारी पेटी, म्हणजे डिफरन्शियल, गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसविली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन अर्धे आस सांध्यावर हलते ठेवले. आढ्यापासून दोन अंगांना उतरणारे कौलारू घराचे दोन पाखे डोळ्यांसमोर आणावे. आढे म्हणजे ती पेटी आणि पाख्यांच्या टोकांना चाके. आता डावे चाक धोंड्यावर चढले तरी उजव्याला त्याची वार्ता नसते. खडबडीत रस्त्यावर गाडी सुखाने चालते. युक्ती स्वस्त, सुटसुटीत आणि सरळ रस्त्यावर गुणाची. मध्य युरोपातल्या टाट्रा आणि फोक्सवॅगन या गाड्यांनी ती उचलली.

पण गाडीची परीक्षा सरळ रस्त्यावर होत नाही. ती वळणावर होते.

वळण घेताना गाडीचा सगळा भार बाहेरच्या बाजूच्या चाकावर पडतो आणि रस्ता त्या चाकाला आतल्या बाजूस रेटतो. हा रेटा अर्ध्या आसातून मधल्या सांध्यापर्यंत पोहोचतो आणि आढ्याला वर उचलू लागतो. आढे वर गेले की पाख्यांची टोके आत येणारच. बाहेरचे चाक पोटाखाली वळू लागते, टायर तळव्यावर उभा राहण्याऐवजी कडेवर उभा राहतो आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटते. मग गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते.

यातली सर्वांत क्रूर गोष्ट पुढेच आहे. गाडी वळणावर जरा ओढू लागली म्हणजे घाबरलेला माणूस काय करतो? वेग देणाऱ्या पट्टीवरचा पाय झटकन उचलतो, नाही तर ब्रेक दाबतो. तसे केले की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते, मागचा भाग आणखी वर उचलला जातो आणि चाक आणखी आत वळते. म्हणजे जीव वाचविण्यासाठी माणूस स्वभावतः जे करतो, तेच त्याच्या जिवावर उठते. ज्याला हे रहस्य ठाऊक तो निभावून नेई; ज्याला ठाऊक नाही त्याला गाडी सूचनाही देत नसे.

इंजिनियरांना हे ठाऊक नव्हते काय? चांगलेच ठाऊक होते. १९५४ साली मर्सिडीज कारखान्याने ‘तीनशे एसएल’ ही जगप्रसिद्ध स्पोर्ट्स कार आणली. तिचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडत. पण वळणावर बेसावध चालकाला ती दगा देई. १९५७ साली तिची उघड्या टपाची बहीण आली, तेव्हा कारखान्याने आसाचा सांधा पुष्कळ खाली आणला. आढे बुटके झाले, पाख्यांचा उतार कमी झाला, गाडी सुधारली. पोर्शने १९६० च्या सुमारास आपल्या ‘सुपर नाइन्टी’ गाडीला मागच्या आसाखाली एक आडवी पोलादी कमान बसविली, म्हणजे दोन्ही चाकांना एकाच वेळी पोटाखाली जाणे अवघड व्हावे. थोडक्यात, औषध उपलब्ध होते. महाग गाड्यांच्या धनिक गिऱ्हाइकांना ते मिळतही होते.

प्रश्न होता तो बेताच्या किमतीच्या गाड्यांचा.

१९५९ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या शेवरोले विभागाने ‘कॉर्व्हेअर’ ही गाडी बाजारात आणली. इंजिन मागे, आस दुभंगलेला. गाडी वळणावर झुकू नये म्हणून पुढच्या चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो. तो दांडा खर्च वाचविण्यासाठी वगळण्यात आला. त्याऐवजी पुढच्या टायरांत हवा १५ पौंड आणि मागच्या टायरांत २६ पौंड ठेवावी, असे मालकांना सांगण्यात आले. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराने चारी टायरांत सारखीच हवा भरली की सगळी योजना कोसळली! हौशी मालकांनी मग बाजारात मिळणाऱ्या कमानी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन बसविल्या. १९६४ साली कारखान्याने स्वतःच पुढचा दांडा आणि मागची आडवी कमान दिली, आणि १९६५ सालच्या गाडीत मागची रचनाच मुळापासून बदलली.

परंतु तोपर्यंत लक्षावधी जुन्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. १९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. नेडर यांच्यामागे हेर लावल्याबद्दल १९६६ च्या मार्चमध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोक्याची नव्हती, असाच निष्कर्ष निघाला. इतर गाड्याही काही साधुसंत नव्हत्या, असा त्याचा अर्थ मी घेतो.

त्या इतर गाड्यांतच आपल्या डॉक्टरांच्या हेराल्डचे कूळ येते. इंग्लंडमधल्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कारखान्याने १९५९ साली हेराल्ड काढली. तिचे देखणे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचे. याच गाडीचा सांगाडा आखूड करून त्यावर मिकेलोत्तीने एक चिमुकली दोन आसनांची स्पोर्ट्स कार रेखाटली. कारखाना तेव्हा कर्जात बुडालेला. नमुन्याची गाडी धूळ खात एका कोपऱ्यात पडून राहिली. १९६१ साली लेलँड कंपनीने कारखाना विकत घेतला. नव्या मालकांच्या माणसांना कापडाखाली झाकलेली ती गाडी दिसली आणि तिचे भाग्य उजळले. १९६२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात ‘स्पिटफायर’ या नावाने ती लोकांसमोर आली. कारकुनाला आणि मास्तरालाही परवडावी अशी ही स्पोर्ट्स कार होती. मास्तरांचा उल्लेख आला म्हणून मला तिच्याविषयी अधिक जिव्हाळा!

पण हेराल्डचा आसही तिच्याकडे वारसाहक्काने आला होता. डिफरन्शियलच्या डोक्यावर एक आडवा पाटा, म्हणजे पोलादी पानांची चळत, घट्ट आवळलेली. आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाके. शांत डॉक्टरांच्या गाडीत जे खपून जाई, ते वेगाच्या हौशी तरुणाच्या गाडीत खपेना. १९६६ साली याच सांगाड्यावर २ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन चढवून ‘जीटी सिक्स’ काढली, तेव्हा तर जाणकारांनी तिच्या वळणावरच्या वागण्यावर उघड टीका केली. १९६८ साली त्या गाडीला मागे नवी, खर्चिक रचना मिळाली. स्पिटफायर मात्र तशीच राहिली.

तेव्हा मालकांनी आपापल्या अंगणात प्रयोग आरंभले. पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तोच: गाडी वळणावर डळमळते ना? मग मागचा पाटा अधिक कडक करा! परंतु पाटा कडक झाला की मागचे बाहेरचे चाक अधिकच दडपले जाते आणि पकड लवकर सुटते. काहींनी मागची बाजू थोडी खाली बसविली, म्हणजे चाके आधीच वरून आत झुकलेली राहतात आणि पोटाखाली वळण्यास त्यांना अधिक अंतर तोडावे लागते. काहींनी चांगले शॉकअब्सॉर्बर घातले, काहींनी आसाखाली कमान बांधली. रोग आटोक्यात आला. पण मुळाशी हात गेला नाही.

कारखान्याचे उत्तर १९७० साली स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत आले, आणि ते इतके साधे होते की वाचताना हसू यावे. त्यांनी पाट्याचे एक पान तेवढे घट्ट ठेवले आणि बाकीची पाने मधल्या खिळीवर मोकळी सोडली. तराजूच्या दांडीसारखा पाटा आता डोलू शकत होता. दोन्ही चाके एकदम खड्ड्यात गेली तर तो पूर्वीच्याच ताकदीने भार पेली. पण गाडी वळणावर झुकली, तर तो दांडीसारखा कलंडे, आणि झुकणे अडविण्याचे काम पुढचा पोलादी दांडा करी. त्यासाठी तो अधिक जाड केला होता. मागचे ओझे पुढच्याने उचलले आणि मागचे चाक जमिनीला धरून राहिले. जुन्या स्पिटफायरचे मालकही हा नवा पाटा आपल्या गाड्यांना बसवू लागले. मात्र त्याबरोबर जाड दांडाही घालावा लागतो. एक घेऊन दुसरे सोडले तर गाडी होडीसारखी कलते.

मला या कहाणीतले हेच स्थळ सर्वांत मोलाचे वाटते. रुम्पलरच्या पेटंटपासून सदुसष्ट वर्षे लोटली होती. जो तो आवळण्याच्या मागे होता. आणि या स्वस्त गाडीला स्थैर्य आले ते योग्य जागी सैल सोडल्याने. वर्गातली वात्रट पोरे सांभाळताना मला याची अनेकदा आठवण होते. पण स्पिटफायर १९६२ सालची आणि हा मोकळा पाटा १९७० सालचा. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी ती गाडी घेतली, त्यांनी स्वतःच्या सावधपणावर, किंवा नशिबावर, वळणे काढली.

आपल्याकडे हेराल्ड १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७२ साली तिच्या जागी ‘गॅझेल’ आली, तेव्हा तिला मागे पुन्हा एकसंध आस बसविण्यात आला होता. बैलगाडीचे कूळ परत घरी आले म्हणावयाचे! स्पिटफायर मात्र १९८० पर्यंत आपल्या दुभंगलेल्या आसावरच चालत राहिली.

डॉक्टरांच्या हेराल्डला मोकळा पाटाही मिळाला नाही आणि कमानही नाही. तिच्यात बसून एकदा त्यांच्याबरोबर घाट उतरण्याचा योग आला होता. प्रत्येक वळणाच्या पुष्कळ अलीकडे ते गाडी सावकाश करीत. वळणात शिरल्यावर मात्र ब्रेककडे त्यांचा पाय कधी गेला नाही. “एवढं आधीच का थांबता, डॉक्टरकाका?” मी विचारले.

“काय घाबरायचं ते वळणाआधी घाबरून घ्यावं,” ते म्हणाले, “आत शिरल्यावर घाबरायला सवड नसते.”

मला वाटले, म्हाताऱ्याला भीती वाटते. त्या गाडीला लोखंडाने न दिलेले औषध डॉक्टर आपल्या पायाने देत होते, हे कळावयास मला पुढे पंचवीस वर्षे लागली.