‘योजनेत बसतं का?’ : आरोग्य योजनेचा न सापडणारा अर्ज

तुमच्यापैकी कुणी राज्याच्या मोफत आरोग्य विमा योजनेवर प्रबंध लिहायच्या विचारात असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या योजनेचा अर्जाचा नमुना शोधण्यात आठवडे घालवू नका. शासन निर्णय मिळतील, उपचारांच्या लांबलचक याद्या मिळतील, विमा कंपनीला दर कुटुंबामागे किती हप्ता दिला तेही मिळेल. पण ‘मी अमुक, राहणार अमुक, मला या योजनेत घ्यावे’ असा रुग्णाने भरायचा अर्ज २०१२ नंतरच्या कागदांत नाही. योजनेचं मोठेपणही त्यातच सांगितलं जातं: नोंदणी नको, हप्ता नको, कार्ड दाखवा आणि उपचार घ्या.

मग शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचा माणूस हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद घेऊन तहसीलला खेटे घालतो, तो कशाचा अर्ज करत असतो? आजची पोस्ट त्यावर आहे.

आधी जागा समजून घ्या. तानसा म्हटलं की मुंबईकराला तलाव आठवतो. १८९२ मध्ये इथलं पाणी मुंबईला जाऊ लागलं, आणि आजही शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आणि स्वतः उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. (यावर स्वतंत्र प्रबंध होईल, आत्ता नको.) तलावाच्या भोवती जंगल, जंगलात पाडे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली अशी वस्ती. सगळ्यात जवळचं स्टेशन कसारा लाइनवरचं आटगाव. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचं. मोठं दुखणं आलं की माणूस कल्याण, कळवा, ठाणे, नाहीतर थेट मुंबई असा निघतो. पाणी ज्या दिशेने गेलं त्याच दिशेने रुग्ण जातो. त्यामुळे या भागातल्या आजारपणाचे कागद शहापुरात कमी आणि शहरातल्या रुग्णालयांत जास्त सापडतील, हे संशोधनाचा आराखडा करतानाच लक्षात घ्या.

१८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कातकऱ्यांचं वर्णन आहे. खैराच्या झाडापासून कात पाडणारे म्हणून कातकरी. जंगलं राखीव झाली, कात सुटला, मग कोळसा पाडणं, मोलमजुरी आणि शेवटी वीटभट्ट्या. दिवाळीच्या आसपास मालकाकडून बयाणा घ्यायचा, बिऱ्हाड उचलायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. ही वर्षाची चक्री डोक्यात ठेवा, कारण आरोग्य विम्याचा आपल्याकडचा इतिहास या चक्रीला कायम चुकवत आलेला दिसतो.

विम्याची मूळ कल्पना बघा. १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारविमा आणला. त्याचा पाया होता पगार, पगारातून कपात आणि कारखान्यातली नोंदवही. आपल्याकडे अदारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. ‘ईएसआय’ म्हणतो तो हाच. कायदा लागू होताना हंगामी कारखाने त्याच्या बाहेर ठेवले होते. त्यामागचा विचार समजतो: वर्षभर एका जागी काम करणारा, हजेरीपटावर नाव असलेला माणूस, त्याच्याच पगारातून कपात शक्य. पण या चित्रात बयाण्यावर काम करणारं, सहा-सात महिन्यांत जागा बदलणारं, नवरा-बायको-पोरांसकट एकच मजूर म्हणून मोजलं जाणारं भट्टीवरचं जोडपं कुठे उभं करणार? ज्याचा मालक आहे पण हजेरीपट नाही, त्याला या विम्याचं दारच नव्हतं.

दुसरा रस्ता गरिबीचा. १९९७ मध्ये महाराष्ट्राने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या आजारांसाठी दीड लाखापर्यंत मदत. हा विमा नव्हता, सरकारी मदत होती आणि ती मागावी लागे. आजाराचा कागद जोडा, गरीब असल्याचा कागद जोडा, मंजुरीची वाट बघा.

गरीब असल्याचा कागद कोणता? तर रेशनकार्ड. इथे जरा थांबू, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. रेशनकार्डाचा जन्म आरोग्यासाठी झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई पडली, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. तेव्हाच्या कार्डाला एवढंच विचारायचं होतं की घरात खाणारी तोंडं किती. पुढे १९९७ मध्ये धान्य ‘लक्ष्यित’ झालं, म्हणजे गरिबांना वेगळ्या भावाने, आणि १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. तोंडं मोजणारं कार्ड आता उत्पन्न सांगू लागलं. आणि २०१२ मध्ये तेच कार्ड हृदयाच्या ऑपरेशनची किल्ली झालं. रवा-साखरेच्या हिशेबासाठी बनवलेल्या कागदावर एवढा भार कधी पडेल असं बनवणाऱ्यांच्या मनातही नसणार.

मधला एक टप्पा सोडू नका. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्या पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयाचा खर्च आणि कुटुंबाने भरायचे फक्त ३० रुपये. इथे मात्र नोंदणी होती. गावात यंत्र घेऊन माणसं यायची, अंगठा घ्यायचे, फोटो काढायचे आणि स्मार्टकार्ड जागेवर हातात द्यायचे. ही नोंदणी वर्षासाठी असायची, पुढच्या वर्षी पुन्हा. सोय चांगली. फक्त त्या दिवशी तुम्ही गावात पाहिजे. डिसेंबरात यंत्र आलं आणि घराला कुडाची ताटी लावून माणसं भिवंडीकडे भट्टीवर असली, तर यादीत नाव असूनही हातात कार्ड नाही. (तिकडे थायलंडने २००१-०२ मध्ये ३० बाहतची योजना काढली होती. दुसऱ्या कुठल्याही योजनेत नसलेला प्रत्येक जण तिच्यात, आणि ३० बाहत दर भेटीला. आकडा दोन्हीकडे तीसच, पण तिथे गरिबी सिद्ध करायला लागत नव्हती.)

आता २ जुलै २०१२. आंध्रच्या आरोग्यश्रीच्या धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पिवळ्या आणि केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड बदलायचं असेल तर अडीच लाख. हप्ता पूर्ण सरकारचा, कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये. यादी पुन्हा वाचा. ठाणे नाही. राज्यभर योजना गेली २१ नोव्हेंबर २०१३ ला.

म्हणजे साडेसोळा महिने असे होते की रायगडातल्या कर्जतचा कातकरी योजनेत होता आणि त्याला लागून असलेल्या मुरबाडचा कातकरी नव्हता. मधे फक्त जिल्ह्याची हद्द, आणि ती हद्द सोयरिकीला आडवी येत नाही. बहीण कर्जतला दिलेली, भाऊ मुरबाडला. दोघांकडे पिवळं कार्ड, हृदयाची झडप दोघांची खराब झाली तर मोफत ऑपरेशन एकीचंच. तानसाच्या पाण्याचं दुसरं टोक असलेली मुंबईही योजनेत होती. तुम्हाला तुलनात्मक अभ्यास करायचा असेल तर असा नैसर्गिक प्रयोग सहसा मिळत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधीचा ‘ठाणे’ हा आकडा जव्हार-मोखाड्यासकटचा आहे. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून ‘लाभार्थी घटले’ असं लिहाल तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील.

योजना आल्यावर काम कसं चालतं ते नीट बघा, कारण अर्ज लपतो तो इथे. रुग्ण योजनेतल्या रुग्णालयात पोचतो. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. तो कार्ड आणि ओळखपत्र बघतो. डॉक्टर तपासतात, आजार यादीत असेल (सुरुवातीला सुमारे ९७० उपचार होते) तर रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. म्हणजे अर्ज होतोच, तो रुग्णालय करतं आणि रुग्णाच्या वतीने नव्हे, स्वतःच्या बिलासाठी करतं. रुग्णाच्या वाट्याला एकच प्रश्न येतो आणि तो तुम्ही कुठल्याही वॉर्डाबाहेर ऐकाल: ‘योजनेत बसतं का?’ कोण बसतं, कार्ड की आजार, हे विचारणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. मला हे क्रियापद महत्त्वाचं वाटतं. हक्क असतो, मदत मिळते, पण योजनेत ‘बसावं’ लागतं, जसं भरलेल्या जीपमध्ये.

आता कार्ड नसेल तर? समजा, पाड्यावरची एक बाई आहे. लग्न होऊन आली, माहेरच्या कार्डात नाव आहे, सासरच्या कार्डात नाही. सासऱ्याच्या कार्डातून नवरा विभक्त झालेला नाही, त्यामुळे स्वतःचं कार्ड नाही. तिला मुंबईत दाखल केलं आणि आरोग्यमित्राने कार्ड मागितलं. आता नवरा परत शहापूरला. माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, मग पुरवठा शाखेत अर्ज. तिथून कार्ड मिळालं तरी ‘ऑनलाइन दिसत नाही’ हे ऐकायला लागू शकतं, कारण आता कागदी कार्डापेक्षा संगणकातला बारा अंकी नंबर खरा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरीची सोय योजनेत आहे, पण कागद मागाहून द्यायचेच असतात. या सगळ्या काळात रोज बुडतो, आणि आजारी माणसाजवळ बसायला कुणी नसतं. आरोग्य विम्याचा खरा अर्ज हा आहे. त्यावर कुठेही ‘आरोग्य’ हा शब्द नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती इतिहासकाराने टाळू नये. कागद नसणं हा अपघात नव्हता, हक्क असूनही ते नव्हते. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ ला सांगितलं की सगळ्या आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या. कातकरी महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. म्हणजे योजना यायच्या नऊ वर्षं आधी प्रत्येक कातकरी घरात ते कार्ड असायला हवं होतं, आणि असतं तर २०१३ मध्ये वेगळं काही करावंच लागलं नसतं. या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी वेठबिगारी, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, त्याकडे आपण ‘अन्नाचं’ किंवा ‘मजुरीचं’ आंदोलन म्हणून बघतो. आरोग्याच्या इतिहासात त्यांचं प्रकरण नसतं. माझ्या मते असायला हवं. पाड्यावर रेशनकार्ड काढून देणारा कार्यकर्ता नकळत विम्याचा एजंट होता, कमिशन न घेणारा.

पुढचं थोडक्यात. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, पाच लाखांची, आणि तिने रेशनकार्ड बाजूला ठेवून २०११च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेची यादी धरली. निकष आदिवासींच्या बाजूचे होते: आदिम जमाती आणि कायदेशीर मुक्त झालेले वेठबिगार आपोआप आत. पण ती यादी त्या वेळी घरी सापडलेल्यांची. तिच्यात नाव घालण्यासाठी अर्जच करता येत नव्हता. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र चालू लागल्या, मे २०२० मध्ये कोविडमुळे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं, आणि २०२३च्या निर्णयानुसार १ जुलै २०२४ पासून सगळ्यांना पाच लाखांचं कवच आलं. नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन मोहिमेत आदिम जमातींच्या वस्त्यांवर आधार, जातीचे दाखले आणि आयुष्मान कार्डांची शिबिरं होऊ लागली. उत्पन्नाची अट गेली, कागदाची राहिली. आणि कागद असला तरी योजना दाखल झाल्यापासूनचा खर्च देते. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत डोली करून आणण्याचा, जीप ठरवण्याचा खर्च तिच्या कुठल्याच यादीत नाही.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर मी आरोग्य विभागापासून सुरुवात करणार नाही. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नवीन कार्ड, नाव वाढवणे, नाव कमी करणे असे अर्ज येतात. माहितीच्या अधिकारात व्यक्तींची नावं न मागता गावनिहाय, महिनानिहाय आकडे मागा, शक्यतो १९९९ पासूनचे. त्यातून दोन गोष्टी बघा. नोव्हेंबर २०१३ नंतर नाव वाढवण्याचे अर्ज वाढले का, आणि वर्षातले किती अर्ज जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे भट्टीवरून माणसं घरी असताना आले. मग रुग्णालयांकडच्या दाखल रुग्णांच्या तारखा त्याच्या शेजारी ठेवा.