गुण : वर्णन की मोजमाप?

मराठीत ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणसाच्या अंगी असतो तो गुण, आणि गुणपत्रिकेवर आकड्यात उतरतो तोही गुणच. या दोहोंची गल्लत झाली की काय होते, हे पाहायला एका खेळाची नियमपुस्तके फार उपयोगी पडतात. तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती. मेजाभोवती काही जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. पात्र काय करते ते खेळाडू तोंडाने सांगतो. ते साधले की नाही, हे पुष्कळदा फासे ठरवतात.

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१च्या ‘चेनमेल’मध्ये सर्वसाधारण लढाईत एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असा हिशेब असे. अशा बाहुलीला स्वभाव असायचे कारण नव्हते. एक बाहुली म्हणजे एक माणूस असे ठरले, तेव्हा तो माणूस कसा आहे हे सांगणे भाग पडले. १९७४च्या पुस्तिकेने त्यासाठी सहा गुण दिले : ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि माणसांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची.

तीन फाशांच्या २१६ शक्यता होतात. त्यांपैकी १८ ही बेरीज एकदाच येते, ३ ही एकदाच. ९ ते १२ मधल्या बेरजा मात्र १०४ वेळा, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा येतात. बहुतेक माणसे मध्यम, अगदी थोडी असामान्य, हे चित्र बुद्ध्यंकाच्या आलेखासारखेच दिसते. गल्लतीचे बीज इथेच आहे.

आकडा कमी बोलत होता तेव्हा

पहिल्या पुस्तिकेत या आकड्यांना काम फार थोडे होते. ताकद जास्त म्हणून तलवारीचा घाव जड होत नसे. योद्ध्याला अनुभवाचे गुण थोडे अधिक मिळत, इतकेच. बुद्धीवरून किती भाषा येतात ते ठरे, छापेवरून पदरी किती माणसे राहतील ते. आकडा म्हणजे मुख्यतः पात्राचे वर्णन होते. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने ताकदीचा संबंध घावाशी जोडला आणि आकड्याला किंमत आली. किंमत आली तशी हावही आली. १९७९च्या सूत्रधाराच्या पुस्तकात चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून देण्याची पद्धतही दिलेली आहे. या पद्धतीने १८ मिळण्याची शक्यता साडेतीन पटींनी वाढते.

आकडा माणसाला मोजू लागला तेव्हा

१९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकाने आणखी एक पाऊल टाकले. ताकद ३ असलेला माणूस डोक्यावर ३० पौंड उचलतो, १८ असलेला १८० पौंड, असे त्यात सांगितले. बुद्धीचे नाते बुद्ध्यंकाशी जोडले, जरी बुद्धी त्याहून व्यापक आहे अशी पुस्तीही जोडली. म्हणजे आकडा खऱ्या जगाविषयी बोलू लागला. त्याच पुस्तकात पुरुष योद्ध्याची ताकद १८ च्या वर शंभर पायऱ्या चढू शके, स्त्री योद्ध्याची पन्नासाव्या पायरीवर थांबे. अग्निगोल फेकणाऱ्या मांत्रिकांच्या जगात हा एक नियम मात्र ‘वास्तवाला धरून’ हवा होता! मेजाशी बसलेल्या मुलीला तो काय सांगत होता, हे वेगळे सांगायला नको. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला.

वंशाचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत अर्ध-ऑर्क या मिश्र वंशाच्या पात्राला ताकदीत दोन अधिक मिळत, पण बुद्धीत आणि छापेत प्रत्येकी दोन वजा होत. जन्मावरून बुद्धी कमी, ही कल्पना काल्पनिक वंशाच्या आडून आली तरी ओळखीची वाटतेच. २०२०च्या पुरवणीने वंशाचे हे अधिक गुण हव्या त्या ठिकाणी फिरवायची मुभा दिली. २०२४च्या पुस्तकात ते वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे, त्याने केलेल्या कामाधंद्याकडे दिले.

मग आकड्याचा अर्थ काय?

उत्तर गणितात आहे. २०००पासून वीस बाजूंच्या फाशावर गुणाप्रमाणे अधिक-उणे करतात : १० ला काही नाही, १८ ला अधिक चार. आता २०१४च्या नियमांनी एक दार घ्या. बाहेरून ताकद १८ चा गडी ढकलतो आहे, आतून ताकद १० चा साधा माणूस रोखतो आहे. दोघांनीही फासा टाकायचा. चारशे शक्यता मांडून पाहिल्या, तर १२० वेळा साध्याचा आकडा मोठा येतो आणि १६ वेळा बरोबरी होते. बरोबरीत दार होते तसेच राहते. म्हणजे शंभरात चौतीस वेळा दार उघडत नाही. वजनकाट्यावर १८० पौंडांपुढे १०० पौंड कधीच जिंकत नाहीत. तेव्हा हा आकडा वजनकाटा नव्हे. ‘या पात्राला अशा प्रसंगी किती वेळा यश द्यायचे’ याचा मेजाभोवतीच्या मंडळींनी आधीच केलेला तो करार आहे.

गुणांची यादीसुद्धा करारच असते. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळखेळात शहाणपण आणि छाप नाहीतच. त्यांऐवजी शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा आहे. कोणते गुण मोजायचे हे ठरले, की त्या जगात कशाला किंमत आहे तेही ठरते.

पन्नास वर्षांत या खेळाने नियम पुष्कळ बदलले, पण सहा गुणांची नावे आणि ३ ते १८ ची मोजपट्टी टिकली. बदलला तो आकड्याचा दावा. ‘हा असा आहे’ असे सांगणारा आकडा ‘याला इतकी संधी देऊ’ असे म्हणू लागला. खेळाला हे उमगायला एवढा काळ लागला. मग गुणपत्रिकेवरून मुलाला जोखणाऱ्या आपण घाई करू नये, हे बरे.