सोन्याच्या खाणीत गेलेल्या पूर्वजांचा शोध

नंदिगड्डे-जोयडा भागातील ज्या घरांत ‘पणजोबा सोन्याच्या खाणीत होते’ एवढीच आठवण उरली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी खाण कोणती ते ठरवावे. १९५६ पूर्वी कोलार म्हैसूर संस्थानात होते, रायचूरकडील हट्टी निजामाच्या राज्यात आणि गदगजवळचा कप्पतगुड्ड आपल्याच मुंबई इलाख्यात. दप्तरेही तशीच विभागली गेली. घरात नुसते ‘कोलार’ म्हणत असतील तर तो बहुधा केजीएफ. कोलार शहर तिथून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे.

केजीएफमध्ये जॉन टेलर कंपनी १८८० पासून होती. १९०२ मध्ये शिवनसमुद्राहून वीज आली, आणि पुढे चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खाली उष्णता भयंकर, खडक अचानक फुटत, आणि दगडाची धूळ छातीत बसे. घरचे माणूस ‘क्षयाने गेले’ असे सांगतात, तेव्हा तो सिलिकोसिस असू शकतो. भरपाईचा किंवा तपासणीचा एखादा कागद ट्रंकेत आहे का, ते जरूर पाहावे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला कागदावरची तारीख आधी दिसते. १९५६ पर्यंत मालक कंपनी, मग म्हैसूर सरकार, १९६२ पासून केंद्र सरकार, १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. प्रॉव्हिडंट फंडाचा कागद सर्वांत उपयोगी, पण तो क्वचितच सापडतो. त्यापेक्षा मनीऑर्डरची कुपने शोधा. पाठवणाऱ्याचे नाव, मजकूर आणि टपाल कचेरीचा शिक्का (उरगाव, मारिकुप्पम, चॅम्पियन रीफ) एवढ्यावरून खाण व साल दोन्ही कळतात. नावाबाबत सावध राहावे : तिकडे आडनाव गळून नुसती आद्याक्षरे राहतात.

गावाकडे पहाणी व वारसा नोंदी तपासाव्यात; परगावी असलेल्या मुलाचे नाव तिथे लागलेले असते. आपला जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, त्याआधीचा माग मद्रासच्या दप्तरात. सुपा धरणाच्या पाण्यामुळे जी घरे रामनगरला आली, त्यांचे कागद हलवाहलवीत गेले असतील. तिथे म्हाताऱ्या माणसांकडून नावे, खाण आणि वर्षे आताच लिहून घ्यावीत.

म्हैसूर संस्थानची दप्तरे बंगळूरच्या राज्य अभिलेखागारात आहेत. तिथे नुसते नाव घेऊन जाऊ नये. साल आणि खाण सांगता आली पाहिजे.