उत्तरभागातील मातृत्व : दोन अमेरिकन विनोदी चित्रपट

विनोदी चित्रपटाचा उत्तरभाग बहुधा पूर्वभागाच्या यशावर उभा असतो. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. परंतु एकच कथा दोन पिढ्यांनी सांगितली, म्हणजे तिच्यात पडलेला फरक हेच इतिहासाचे साधन ठरते. एडवर्ड स्ट्रीटर यांच्या १९४९ च्या कादंबरीवरून १९५० साली ‘फादर ऑफ द ब्राइड’ हा चित्रपट निघाला. व्हिन्सेंट मिनेली यांनीच १९५१ साली ‘फादर्स लिट्ल डिव्हिडंड’ हा त्याचा उत्तरभाग दिग्दर्शित केला. चार्ल्स शायर यांनी याच कथांची नवी रूपे १९९१ व १९९५ साली पडद्यावर आणली.

१९५१ च्या उत्तरभागात दिवस जातात ते केवळ लेकीला. तिचा बाप स्टॅन्ली बँक्स आजोबा होण्याच्या कल्पनेनेच धास्तावतो. विनोद उत्पन्न होतो तो या धास्तीतून. १९९५ च्या चित्रपटात मात्र लेकीबरोबर आईही गर्भवती होते. ऋतुनिवृत्तीची लक्षणे असावीत अशा समजुतीने डॉक्टरकडे गेलेल्या नीनास ही वार्ता कळते. प्रौढ दांपत्याचे शरीरजीवन येथे प्रथमच या कथेच्या गाभ्याशी येते.

हा बदल आकस्मिक नव्हे. १९५१ साली हॉलिवुडवर निर्मितिसंहितेचा अंमल होता. प्रसूतीचे दृश्य, छायारूपानेही, दाखविण्यास तिची मनाई होती. १९६८ साली त्या संहितेची जागा वर्गीकरणपद्धतीने घेतली. दरम्यान १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, आणि १९७३ च्या न्यायनिर्णयाने गर्भपाताचा हक्क प्रस्थापित झाला (तो निर्णय २०२२ साली रद्द झाला). अर्थात १९९५ मध्ये मातृत्व हा केवळ दैवयोग न राहता निर्णयाचाही विषय झाला होता.

तथापि या निर्णयाला चित्रपटाने कथेच्या केंद्रस्थानी स्थान दिलेले नाही. निवेदन पूर्वीप्रमाणेच बापाचे आहे. केस रंगवून तारुण्य राखू पाहणारा जॉर्ज हाच विनोदाचा नायक राहतो. जोखीम नीनाच्या देहाची, परंतु वय झाल्याचे दुःख जॉर्जचे, अशी ही वाटणी होय. संहिता गेली, तरी दृष्टिकोन टिकला. यावरून असे दिसते की, काय दाखवावे यावरील बंधन नियमाने उठते. कोणाच्या नजरेने दाखवावे हे ठरविणारी रूढी मात्र नियमाच्या आधाराविनाही दीर्घकाळ जगते.