साखर कारखान्याचे सांडपाणी : खरी कसोटी पायाची

साखर कारखान्याच्या सांडपाण्याची चर्चा बहुधा रसायनशास्त्राच्या भाषेत होते. बीओडी किती, सीओडी किती, नमुना नापास झाला का, एवढ्यावर ती थांबते. मात्र ज्या टाक्यांमध्ये या पाण्यावर प्रक्रिया होते त्या गळक्या असतील, तर उत्तम यंत्रसामग्रीही निरुपयोगी ठरते. नमुना उत्तीर्ण होतो आणि न शुद्ध झालेले पाणी तळातून झिरपून शेजारच्या विहिरीत उतरते. म्हणूनच चालू कारखान्यात असा प्रकल्प उभारणे हे प्रथम स्थापत्य अभियंत्याचे काम आहे.

कायद्याची चौकट

जलप्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार, कार्यरत प्रक्रिया प्रकल्प नसलेल्या उद्योगाला उत्पादन सुरू ठेवता येत नाही. साखर उद्योगासाठी केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये स्वतंत्र मानके अधिसूचित केली. त्यानुसार गाळलेल्या प्रत्येक टन उसामागे प्रक्रिया केलेले सांडपाणी १०० लिटरपेक्षा अधिक असता कामा नये. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, तर जमिनीवर सोडायच्या पाण्याचा १०० मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. सिंचनाला मागणी नसेल तेव्हासाठी १५ दिवसांची साठवणही करावी लागते. रोज ५ हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या बाबतीत हे पाणी दिवसाला ५ लाख लिटर आणि साठवण ७५ लाख लिटर होते. प्रकल्पासाठी किती जागा लागेल, याची कल्पना यावरून यावी.

वेळापत्रकाचा पेच

गाळप साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. जुन्या गटारांची जोडणी बदलणे, गिरणीघरातील फरशी फोडणे ही कामे गाळप बंद असतानाच करता येतात. अडचण अशी, की या बंद काळाचा मोठा भाग पावसाळ्याचा असतो. जूनमध्ये खोदकाम हाती घेतले की खड्डा पाण्याने भरतो आणि कडा ढासळतात. त्यामुळे मातीची तपासणी व आराखडे हंगाम चालू असतानाच पूर्ण करावेत, गाळप संपताच खोदाई करावी आणि पावसापूर्वी टाक्या जमिनीच्या पातळीपर्यंत वर आणाव्यात, हाच व्यवहार्य क्रम ठरतो.

खोदाईपूर्वी चाचणी-खड्डे घेणे आवश्यक असते. जुन्या कारखान्यांत जमिनीखालील केबल आणि नळ नकाशावर असतात तेथेच सापडतील, याची खात्री नसते. धुराडे किंवा बॉयलर यांच्या पायापेक्षा खोल खड्डा त्यांच्या लगत आधाराविना घेतला, तर चालू यंत्रणाच धोक्यात येते.

काळी माती आणि तरंगणारी टाकी

ऊसपट्ट्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकी बसवली तर तळ असमान खचतो व सांधे उघडतात. ती माती काढून पक्क्या मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जावे लागते.

दुसरा धोका भूजलाचा. टाकीचा तळ जमिनीखाली ४ मीटर आणि पावसाळ्यातील भूजल पातळी १ मीटरवर असेल, तर तळावर प्रत्येक चौरस मीटरला ३ टन इतका वर ढकलणारा दाब येतो. अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन मात्र सव्वा टनच भरते. भिंतींचे वजन आणि बाहेर काढलेल्या तळपट्टीवरील मातीचा भार यांनी उरलेला दाब पेलला नाही, तर रिकामी टाकी अक्षरशः उचलली जाते. अशी टाकी पावसाळ्यात सफाईसाठी पूर्ण रिकामी करण्यापूर्वी अभियंत्याला विचारावे, हा नियम कारखान्याने लिहून ठेवावा.

काँक्रीटची परीक्षा

पाणी साठवणाऱ्या बांधकामासाठी ‘आयएस ३३७०’ हे भारतीय मानक लागू होते. सळईच्या कामासाठी किमान ‘एम-३०’ प्रतीचे काँक्रीट त्यात सांगितले आहे. साखरमिश्रित पाणी साचून आंबले की आम्लधर्मी होते आणि काँक्रीट कुरतडते. आच्छादित टाकीत पाण्याच्या पातळीवरील भागही वायूमुळे झिजतो. म्हणून आतून इपॉक्सीसारखा आम्लरोधक लेप, तर बांधकामाच्या सांध्यांत पाणीरोधक पट्टी हवी. टाकी पाण्याने भरून ७ दिवस मुरू द्यावी व पुढील ७ दिवस पातळी मोजावी. ही चाचणी भोवती माती भरण्यापूर्वीच घेतल्यास भिंतीतील गळती डोळ्यांना दिसते.

पावसाचे पाणी वेगळे

छपरांवरचे पावसाचे पाणी सांडपाण्याच्या गटारात मिसळले, तर टाक्या ओसंडून साचलेला गाळ थेट ओढ्यात जातो. दोन्ही गटारे प्रथमपासूनच स्वतंत्र ठेवणे हा त्यावरील स्वस्त उपाय.

सर्वात मोठे मोल मात्र माणसाच्या जिवाचे. बंदिस्त टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड क्षणात बेशुद्ध करतो आणि वाचवण्यास उतरलेला दुसराही बळी पडतो. पुरेशी मोठी मॅनहोल, हवा खेळण्याची सोय आणि टाकीत न उतरता गाळ उपसता येईल असा उताराचा तळ, या गोष्टी नकाशातच असाव्या लागतात. काँक्रीट एकदा पडल्यावर त्यांची आठवण होऊन उपयोग नसतो.